शेतातली मोटर मोबाईलवर चालते, पण नेटवर्कचं सेटिंग चुकलं तर? समजून घ्या सोप्या भाषेत

रात्रीची पाळी असली की शेतीची लाइट येते तेव्हा गाव झोपलेलं असतं. अशा वेळी कोयनेच्या काठावरची मोटर सुरू करायची म्हणजे हातात बॅटरी घेऊन, बांधावरून, उसातून वाट काढत नदीपर्यंत जायचं. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात ही वाट सोपी नाही. डोंगर, ओढे, पावसाळ्यात निसरडी पायवाट, त्यात कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जवळच. त्यामुळे बिबट्या आणि गवा हे इथल्या शेतकऱ्यांना फक्त व्हायरल व्हिडिओत दिसत नाहीत.

म्हणूनच मोबाईल स्टार्टर आला तेव्हा तो अनेकांना सोयीपेक्षा सुटका वाटला. घरातून फोन लावा, मोटर सुरू. पुन्हा फोन लावा, बंद.

पण हे छोटं खोकं मोबाईल नेटवर्कला किंवा इंटरनेटला जोडलेलं असतं आणि त्याच्या एका इशाऱ्यावर थ्री फेज मोटर फिरते. त्यामुळे त्याचं नेटवर्क सेटिंग चुकलं, तर 'अ‍ॅप चालत नाही' एवढ्यावर भागत नाही. मोटर जळू शकते, पिकाला पाणी मिळत नाही आणि मोटरजवळ कुणी काम करत असेल तर जिवावरही बेतू शकतं.

बहुतेक ठिकाणी हे सेटिंग बसवणारा मेकॅनिक दहा मिनिटांत उरकतो आणि निघून जातो. पुढे काही बिघडलं की त्याचीच वाट पाहावी लागते. प्रत्यक्षात यातलं बरंचसं स्वतःला समजण्यासारखं आहे. ते कसं, ते पाहूया.

मोबाईल स्टार्टर नेमका कसा चालतो?

मोटरच्या नेहमीच्या स्टार्टरला हिरवं आणि लाल बटण असतं. मोबाईल स्टार्टर म्हणजे ते बटण दाबण्याचं काम दुरून करणारं उपकरण. त्याच्या आत तीन गोष्टी असतात. नेटवर्कशी बोलणारा मोडेम, निर्णय घेणारी छोटी चिप आणि बटणाचं काम करणारा रिले.

बाजारात त्याचे साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, कॉल आणि मेसेजवर चालणारा. यात सिम असतं, पण इंटरनेट लागत नाही. दुसरा, सिमवरूनच पण मोबाईल डेटा वापरून अ‍ॅपवर चालणारा. तिसरा, वायफायवर किंवा केबलने राउटरला जोडला जाणारा. विहीर घराजवळ असेल तेव्हा किंवा नर्सरी, पॉलिहाऊस, गावची पाण्याची टाकी अशा ठिकाणी हा तिसरा प्रकार वापरतात.

या कल्पनेचं मूळ महाराष्ट्रातच सापडतं. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून शेतपंप चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' हे उपकरण तयार केलं. स्मार्टफोन घराघरांत पोहोचायच्या कितीतरी आधी, साध्या बटणाच्या फोनवरून ते चालत असे. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आज अशी उपकरणं बनवणाऱ्या अनेक कंपन्या आहेत. सरकारी योजनांतून मिळणाऱ्या बऱ्याच सौर पंपांच्या कंट्रोलरमध्येही सिम असतं आणि पंप किती चालला याची माहिती त्यातून दुरून दिसते.

पाटणमध्ये पहिली अडचण कुठे येते?

उत्तर एका शब्दात, रेंज.

पाटण तालुका म्हणजे दऱ्याखोऱ्यांचा भाग. कोयना, केरा, मोरणा, तारळी, वांग अशा नद्यांची खोरी आणि त्यांच्या मधे डोंगरांच्या रांगा. मोबाईलच्या लहरींना डोंगर आडवा आला की त्या अडतात. वरच्या वाडीत चार काड्या दिसतात आणि खाली नदीकाठी, नेमक्या मोटरच्या ठिकाणी, एकही नाही. वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, कारण तिथे वाऱ्याला अडवणारं काही नाही. नदीकाठच्या पंपाची स्थिती याच्या अगदी उलट असते.

त्यामुळे सेटिंगला हात घालण्याआधी एक काम करा. ज्या कंपनीचं सिम स्टार्टरमध्ये घालायचं आहे, तेच सिम आधी फोनमध्ये घालून मोटरच्या जागी उभे राहा. कॉल लागतो का? मेसेज जातो का? इंटरनेट उघडतं का? गावात त्या कंपनीची रेंज चांगली आहे, एवढ्यावर सिम निवडू नका.

बरेच स्टार्टर मेसेज पाठवल्यावर सिग्नलचा आकडा कळवतात. हा आकडा बहुतेक उपकरणांत ० ते ३१ या पट्टीवर असतो. १० च्या खाली असेल तर जोडणी अधूनमधून तुटणार हे गृहीत धरा. १५ च्या पुढे असेल तर काळजी नाही. ९९ आला तर त्याचा अर्थ फार चांगला सिग्नल असा नसून, सिग्नल मोजताच आला नाही असा होतो.

आकडा कमी असेल तर आधी अँटेना पाहा. स्टार्टरची पेटी लोखंडी असते आणि लोखंड लहरी अडवतं. अँटेना पेटीच्या आत ठेवलेली असेल तर ती वायरने बाहेर काढून उंचावर लावली, तरी बराच फरक पडतो.

सिम कोणतं घ्यायचं?

इथे अनेकांची फसगत होते. जुने आणि स्वस्त स्टार्टर टूजी मोडेमवर चालतात. जिओचं नेटवर्क टूजी नाही. त्यामुळे टूजी स्टार्टरमध्ये जिओचं सिम घातलं तर ते चालणारच नाही, मग रेंज कितीही असो. स्टार्टर घेताना तो टूजी आहे की फोरजी, हे आधी विचारा आणि त्यानुसार सिम ठरवा.

दुसरी गोष्ट, सिमचा पिन लॉक काढून टाका. फोन सुरू करताना आपण पिन टाकू शकतो, स्टार्टर टाकू शकत नाही.

तिसरी गोष्ट, रिचार्ज. स्टार्टरचं सिम खिशात नसतं म्हणून त्याची आठवण राहत नाही. मुदत संपली की आधी जाणारे मेसेज बंद होतात आणि काही दिवसांनी येणारे कॉलही. मग 'स्टार्टर बिघडला' म्हणून मेकॅनिकला बोलावलं जातं. रिचार्जची तारीख पेटीच्या आत खडूने लिहून ठेवली तरी चालेल.

यंत्रांसाठी वेगळी सिमही मिळतात. त्यांना एमटूएम सिम म्हणतात, म्हणजे यंत्राने यंत्राशी बोलण्यासाठीचं सिम. भारतात त्यांचे नंबर १० नाही, तर १३ अंकी असतात. कंपनीने स्टार्टरसोबतच असं सिम दिलं असेल तर ते काढून आपलं घालण्याआधी विचारून घ्या. उपकरणाचं सेटिंग त्या सिमला बांधलेलं असू शकतं.

एपीएन म्हणजे काय आणि ते का भरावं लागतं?

अ‍ॅपवर चालणाऱ्या स्टार्टरला इंटरनेट लागतं. मोबाईल कंपनीच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचं नाव म्हणजे एपीएन. फोनमध्ये सिम घातलं की हे नाव आपोआप भरलं जातं, म्हणून आपल्याला ते कधी दिसत नाही. स्टार्टरमध्ये मात्र अनेकदा ते हाताने भरावं लागतं.

जिओचं नेहमीचं एपीएन 'जिओनेट', एअरटेलचं 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम' आणि बीएसएनएलचं 'बीएसएनएलनेट'. ही नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायची. एक अक्षर चुकलं तरी नेट लागत नाही. एमटूएम सिमचं एपीएन वेगळं असतं. ते सिम देणाऱ्याकडूनच घ्यावं लागतं.

एपीएन चुकल्याची खूण सोपी आहे. स्टार्टरला कॉल लागतो, मेसेज जातो, सिग्नलचा आकडाही चांगला असतो, पण अ‍ॅपमध्ये मात्र सतत 'ऑफलाइन' दिसतं. एका कंपनीचं सिम काढून दुसऱ्या कंपनीचं घातल्यानंतर हे हमखास होतं, कारण सिम बदललं तरी आत जुन्याच कंपनीचं एपीएन राहिलेलं असतं.

वायफाय किंवा राउटरवर जोडायचं असेल तर?

या उपकरणांत पहिल्यांदा सेटिंग करताना उपकरण स्वतःचं छोटं वायफाय सुरू करतं. फोन त्या वायफायला जोडायचा, ब्राउझरमध्ये पुस्तिकेत दिलेला आकडी पत्ता टाकायचा आणि उघडलेल्या पानावर घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरायचा.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक, उपकरणाच्या वायफायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन गुपचूप मोबाईल डेटाकडे वळतो आणि पान उघडत नाही. सेटिंग होईपर्यंत मोबाईल डेटा बंद ठेवा. दोन, अशी बहुतेक उपकरणं २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवरच चालतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवला असेल तर उपकरणाला वायफायचं नावही दिसणार नाही.

त्यानंतर येतात ते चार रकाने, जे पाहून अनेक जण फोन बाजूला ठेवतात. आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस.

हे चार रकाने सोप्या भाषेत

समजा, राउटर म्हणजे एक वाडी आहे आणि त्याला जोडलेलं प्रत्येक उपकरण म्हणजे त्या वाडीतलं एक घर.

आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे घराचा पत्ता. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५०. एका वाडीत दोन घरांना एकच नंबर असेल तर टपाल कधी इकडे, कधी तिकडे जाईल. तसंच दोन उपकरणांना एकच पत्ता दिला तर दोन्ही अधूनमधून गायब होतात.

सबनेट मास्क म्हणजे वाडीची हद्द. २५५.२५५.२५५.० असा मास्क असेल तर पत्त्याचे पहिले तीन आकडे वाडीचे आणि शेवटचा आकडा घराचा. म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे आपल्या वाडीतले, बाकीचे बाहेरचे.

गेटवे म्हणजे वाडीची वेस. बाहेरच्या कुणाशीही बोलायचं तर निरोप वेशीतूनच जातो. घरगुती जोडणीत गेटवे म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१.

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा. उपकरणाला कंपनीच्या सर्व्हरचं नाव माहीत असतं, पण निरोप पोहोचवायला आकडी पत्ता लागतो. तो डीएनएस शोधून देतो.

आता एक पूर्ण उदाहरण पाहा. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि तो नव्या उपकरणांना १०० ते १९९ यांतले नंबर वाटतो. तर पंपाच्या कंट्रोलरमध्ये असं भरता येईल: आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१ आणि डीएनएससाठी पुन्हा १९२.१६८.१.१ किंवा गुगलचा ८.८.८.८. यात ५० हा नंबर मुद्दाम राउटरच्या वाटपाबाहेरचा घेतला आहे, म्हणजे तो चुकून दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.

कुठला रकाना चुकला हे लक्षणांवरून ओळखता येतं. घरच्या वायफायवर असताना मोटर चालते, पण बाहेरगावी गेल्यावर चालत नाही? गेटवे तपासा. गेटवे बरोबर आहे तरी सर्व्हर सापडत नाही? डीएनएस पाहा. कधी चालतं, कधी नाही, असं होतंय? एकच पत्ता दोघांना गेला आहे का, ते बघा. आणि उपकरणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच काहीतरी ठरवून घेतलं आहे, असं समजा.

मग 'ऑटोमॅटिक' ठेवलं तर काय बिघडतं?

फार काही नाही. 'डीएचसीपी' हा पर्याय चालू ठेवला की राउटरच चारही रकाने भरतो. उपकरण फक्त कंपनीच्या अ‍ॅपवरून चालवायचं असेल तर हेच बरं. हाताने भरताना होणाऱ्या चुका टळतात.

अडचण होते ती उपकरणाला त्याच्या पत्त्यावरून गाठायचं असेल तेव्हा. लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि कालचा ५० नंबर आज ११२ झाला, तर जुन्या पत्त्यावर काहीच सापडत नाही. लाइट रोज जाते-येते अशा ठिकाणी हे वारंवार होतं. त्यावर मधला मार्ग म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये त्या उपकरणासाठी एक नंबर राखून ठेवायचा. एसटीत आरक्षण करावं तसं. उपकरणात 'ऑटोमॅटिक'च राहतं, पण राउटर दर वेळी तोच पत्ता देतो.

आणखी एक छोटा पण महत्त्वाचा रकाना म्हणजे टाइम झोन. बरीच उपकरणं इंटरनेटवरून वेळ घेतात आणि ती ग्रीनिचची असते. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. टाइम झोन '+५:३०' केला नाही, तर रात्री १० ला सुरू व्हायची मोटर पहाटे साडेतीनला सुरू होईल. तोपर्यंत कदाचित लाइटच गेलेली असेल.

घराबाहेरून मोटर चालवण्याचे दोन रस्ते

पहिला रस्ता, कंपनीच्या सर्व्हरमार्फत. उपकरण स्वतःहून सर्व्हरशी जोडणी उघडून ठेवतं. फोनमधलं अ‍ॅपही त्याच सर्व्हरला जोडलं जातं. सूचना अ‍ॅपकडून सर्व्हरकडे आणि सर्व्हरकडून उपकरणाकडे जाते. घरच्या राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. तोटा एवढाच, की कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर अ‍ॅपही बंद.

दुसरा रस्ता, पोर्ट फॉरवर्डिंग. म्हणजे राउटरला सांगायचं की बाहेरून अमुक क्रमांकाच्या दारावर कुणी आलं तर त्याला थेट पंपाच्या कंट्रोलरकडे पाठव. यूट्यूबवर याचे व्हिडिओ भरपूर आहेत. पण मोबाईल डेटावर आणि अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर हे चालतच नाही. कारण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात साधारण ४२९ कोटीच आहेत आणि उपकरणं त्याहून जास्त. म्हणून कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. बाहेरून येणाऱ्याला मग तुमचं घर सापडत नाही.

आणि जिथे हा रस्ता चालतो, तिथे तो जास्त धोक्याचा आहे. कारण तुम्ही उघडलेलं दार फक्त तुम्हालाच दिसतं असं नाही. इंटरनेटवर उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात. त्यांना ते दार पाटणमधलं आहे की पिट्सबर्गमधलं, याने फरक पडत नाही.

एक पासवर्ड बदलला नाही म्हणून…

पिट्सबर्गचं नाव उगाच घेतलेलं नाही. त्याच भागात, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, अलिक्विपा नावाचं छोटं शहर आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या पाणीपुरवठा संस्थेच्या एका पंपिंग केंद्रातला कंट्रोलर हॅकर्सनी ताब्यात घेतला. हे केंद्र दोन वस्त्यांना जाणाऱ्या पाण्याचा दाब राखत होतं. धोक्याची सूचना मिळताच कर्मचाऱ्यांनी यंत्रणा बंद करून पंप हाताने चालवले. त्यामुळे पाणीपुरवठा सुरू राहिला आणि पाण्याला धोका पोहोचला नाही.

तो कंट्रोलर युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीचा होता. त्यानंतर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने अशी उपकरणं वापरणाऱ्या सगळ्यांना सूचना दिल्या. त्यातली पहिलीच गोष्ट होती, कंपनीकडून आलेला '११११' हा पासवर्ड बदला. दुसरी, कंट्रोलर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका.

त्याच्या सात वर्षं आधी, २०१६ मध्ये, 'मिराई' नावाच्या व्हायरसने याच चुकीचा फायदा घेतला होता. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी घेऊन तो जगभरच्या कॅमेऱ्यांवर आणि राउटरवर एकेक जोडी लावून पाहायचा. अशी लाखो उपकरणं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्यामार्फत झालेल्या हल्ल्यात ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास अडखळल्या.

यांत हॅकर्सना फार मोठं डोकं लढवावं लागलं नाही. दाराला कुलूप होतं, पण किल्ली सगळ्यांना माहीत होती.

आपल्याकडचे कॉल-मेसेजवरचे स्टार्टरही याला अपवाद नाहीत. बऱ्याच स्टार्टरना '१२३४' किंवा '००००' असा चार अंकी कोड येतो आणि तो पुस्तिकेत छापलेला असतो. तुमच्या स्टार्टरचा नंबर आणि तो कोड माहीत असलेला कुणीही मोटर चालू-बंद करू शकतो. त्यासाठी हॅकर असण्याची गरज नाही. बांधावरून भांडण असलेला शेजारीही पुरतो.

मग नेमकं काय करायचं?

पहिलं, स्टार्टरचा मूळ कोड किंवा पासवर्ड बसवल्या दिवशीच बदला. मेकॅनिकने बदलून दिला असेल तर तो गेल्यावर पुन्हा बदला.

दुसरं, 'अधिकृत नंबर' हे सेटिंग चालू करा आणि त्यात घरातल्या दोन-तीन जणांचेच नंबर ठेवा. सेटिंग करताना मेकॅनिकचा नंबर घातला असेल तर काढून टाका. पण फक्त नंबरवर विसंबू नका. दुसऱ्याचा नंबर दाखवून कॉल करणं शक्य असतं. नंबर आणि कोड दोन्ही लागतील असं ठेवा.

तिसरं, स्टार्टरच्या सिमचा नंबर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. 'माझा स्टार्टर चालत नाही, जरा बघा' म्हणून सेटिंगचा स्क्रीनशॉट टाकणंही तितकंच महागात पडू शकतं.

चौथं, राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदला आणि त्यातलं 'यूपीएनपी' बंद करा. हे चालू असेल तर घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता बाहेरचं दार उघडू शकतं.

पाचवं, कंपनीने नवं फर्मवेअर दिलं तर ते घ्या, पण पिकाला पाण्याची नड असताना नाही. आणि अपडेट चालू असताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा.

नेटवर्कपेक्षा मोठा धोका

सगळी सेटिंग बरोबर भरली, पासवर्ड बदलला, तरी एक प्रश्न उरतोच. मोटरजवळ कुणी असेल तर?

वडील नदीवर फूटव्हॉल्व्ह साफ करत आहेत आणि मुलगा कराडहून अ‍ॅपवर मोटर सुरू करतो. अ‍ॅपला समोर माणूस आहे हे दिसत नाही. किंवा रेंज नसताना कुणी तीन वेळा 'चालू' असा मेसेज पाठवतो. मोटर सुरू होत नाही म्हणून ती पाहायला शेतात जातो. इकडे मेसेज कंपनीच्या यंत्रणेत रांगेत थांबलेला असतो. रेंज आली की तो स्टार्टरला पोहोचतो आणि हात मोटरवर असतानाच ती सुरू होते.

म्हणून नियम एकच. मोटरला, वायरला किंवा पाइपला हात लावण्याआधी स्टार्टर 'मॅन्युअल'वर घ्यायचा, मेन स्विच पाडायचा आणि फ्यूज काढून खिशात ठेवायचे. अ‍ॅपमध्ये 'बंद' दिसतंय, हा पुरावा धरायचा नाही. रेंज नसेल तर अ‍ॅप तासाभरापूर्वीची स्थितीही दाखवत असू शकतं.

दुसरा मुद्दा 'ऑटो'चा. लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, असं सेटिंग अनेक जण करून ठेवतात. इंडक्शन मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच सेकंदाला सुरू झाल्या तर ताण कुणावर येणार? ट्रान्सफॉर्मरवर. तो जळला की नवा येईपर्यंत सगळ्यांचीच शेतं कोरडी. म्हणूनच ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वारंवार करत असतं.

'ऑटो' बंद ठेवून लाइट आल्याचा मेसेज घ्यायचा आणि मग मोटर सुरू करायची, हे सगळ्यात चांगलं. शेजाऱ्यांनी आपसात ठरवून एकाने लगेच, दुसऱ्याने तीन मिनिटांनी, तिसऱ्याने सहा मिनिटांनी मोटर सुरू केली, तरी डीपीवरचा ताण विभागला जातो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, एकमेकांशी बोलणं लागतं.

तिसरा मुद्दा कोरड्या मोटरचा. कोयना नदीतलं पाणी धरणातून किती सोडलं जातं यावर अवलंबून असतं. पायथा वीजगृहाची दोन्ही युनिट चालू असली तर २१०० क्युसेक पाणी नदीत येतं, बंद असली तर पातळी उतरते. काल फूटव्हॉल्व्ह पाण्यात होता म्हणून आजही असेल असं नाही. स्टार्टरमध्ये 'ड्राय रन' संरक्षण असेल तर ते चालू ठेवा. पाणी नसताना मोटर कमी करंट घेते, त्यावरून स्टार्टर तिला बंद करतो. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतपंपांना राज्यात एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे, पण मोटर रिवाइंड करण्याचा खर्च मोफत नाही.

बिघडलं तर कुठून सुरुवात करायची?

क्रम लक्षात ठेवा. आधी लाइट, मग सिम, मग नेटवर्क, शेवटी अ‍ॅप.

स्टार्टरवर दिवा लागला आहे का आणि तीनही फेज आहेत का? सिमचा रिचार्ज शिल्लक आहे का? सिग्नलचा आकडा किती? कॉल लागतो, पण अ‍ॅप चालत नाही? मग एपीएन. राउटरवर असेल तर गेटवे आणि डीएनएस. हे सगळं ठीक असेल तरच कंपनीला फोन.

आणि सगळं चालू असतानाच एक काम करून ठेवा. सगळी सेटिंग एका कागदावर लिहा. सिम कुठल्या कंपनीचं, एपीएन काय, आयपी कोणता, अधिकृत नंबर कुणाचे. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरात ठेवा, पेटीत नको. कोयनेला पूर आला की काठावरच्या मोटरी आणि पेट्या पाण्याखाली जातात, हे नदीकाठच्या गावांना सांगावं लागत नाही. पूर ओसरल्यावर नवी पेटी आणता येते. पण जुन्या पेटीत काय भरलं होतं, हे तेव्हा कुणालाच आठवत नसतं.